पिवळी वेल इथं मिळणार नाही

माझं माहेर पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या वरच्या अंगाला डोंगरात, गाव म्हंजे काय तर चार घरांची वाडी, तिचं नाव सांगून तुमास्नी कळायचं बी न्हाई, एसटी खाली फाट्यावर सोडायची आन तिथनं वर चढून जायचं, डोक्यावर पिठाचं गठुडं असलं तरी चढायचं आन कडंवर पोर असलं तरी चढायचं. तिथं मी वाढले. शाळा चौथीपत्तूर. आता तुमी म्हनलासा न्हवं, मावशी पहिल्यापास्नं सांगा, तर पहिल्यापास्नं माझ्या डोळ्यापुढं जे येतंय ते तेरडा. पावसात आमचा अख्खा उतार गुलाबी व्हायचा बगा. कुनी लावला न्हाई, कुनी पानी घातलं न्हाई, आपला आपन यायचा. भादव्यात गवरीच्या दिवशी आमी पोरी न्हाऊन-धुऊन त्या उतारावर जायचो, तेरडा मुळासकट उपटायचा, जुडी बांधायची, वढ्यावर धुवायची, आन तीच आमची गवर. आमाला मुखवटा-बिखवटा काय ठावं नव्हता. ती जुडी पदराखाली घिऊन मुकाट्यानं घरी यायचं, तोंडातनं शबूद काढायचा न्हाई, दारात आई भाकरतुकडा ओवाळून टाकनार, पायावर पानी घालनार आन मग इचारनार, कोन आलं, तवा आमी तोंड उघडायचं, गवर आली. माहेरवाशीण ती. मुळं तुटता कामा न्हाईत, मुळं तुटली की आई लई रागवायची, म्हनायची लेकीला हात धरून आनत्यात का केस धरून.

मग लगीन झालं आन हिकडं नवी मुंबईत आले. आमचं मालक माथाडी, हितल्या भाजी मार्केटात. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, तुमी लिवताना आप्पा लिवा, सगळी आप्पाच म्हनत्यात. कोपरखैरण्याला खोली. कांद्याच्या गोण्या, बटाट्याच्या गोण्या, गाडीतनं पाठीवर आन पाठीवरनं गाळ्यात, पहाटंपास्नं तेच. हात बगितलासा का त्यांचा? बगा एकदा आत जाऊन, तळवा न्हवंच त्यो, पाट हाय पाट. गोणीला आकडा मारून वढायची सवय, त्यामुळं चहाचा कप धरला तरी वाटायचं आता ह्यो कान मोडनार. आन मोडलं बी लई. पर मार्केटात त्यांचा मान व्हता. आमच्या साताऱ्याकडची पोरं म्हनायची, थप्पी लावावी तर आप्पानं, एक गोणी हालायची न्हाई. ते मला दर रातीच्याला सांगायचं, आज अशी थप्पी लावली, तशी लावली, आन मी म्हनायची जेवा आता.

एक दिवस पाठच गेली. मनका सरकला म्हनलं डाक्टरनी, आता वझं उचलायचं न्हाई, कंदीच न्हाई. झालं. त्यो मानूस खिडकीपाशी जो बसला, काय सांगू तुमास्नी, बोलायचाच बंद झाला. पोरगा शाळंला जाताना आप्पा येतो म्हनायचा तर नुसती मान हालवायची. मला म्हनाले, माझं हात हायत आन मला काम न्हाई, सुले, हे हात कापून ठिवू का खुंटीला. मग मी भायेर पडले. महाप्याला त्या कंपन्या हायत न्हवं, काचांच्या, त्यांच्या बागंत ठेकेदाराच्या हाताखाली खुरपायचं काम लागलं. तिथं ती वेल पहिल्यांदा बगितली. हिरवीगार, पानं अशी तेल लावल्यावानी, वर सूर्यफुलाच्या पिलासारखी बारकी पिवळी फुलं, बारा म्हैनं. इंग्लिश नाव वेडेलिया, सुपरवायझर म्हनायचा सिंगापूर डेझी, आमी बाया म्हनायचो पिवळी. ऊन असू दे, खडक असू दे, पानी नसू दे, शेळी तोंड लावत न्हाई, किडा लागत न्हाई, नुसता तुकडा खोच की चार दिसात चटई. त्यातला एक तुकडा मी डब्याच्या पिशवीतनं घरी आनला. म्हनलं हे बसल्यात, ह्यांच्या हाताला कायतरी चाळा.

रंगाचा रिकामा डबा व्हता, त्यात त्यांनी त्यो खोचला. जगला. वाढला. आन ताई, तुमी इस्वास ठेवा न्हाईतर ठेवू नका, त्या वेलीला पहिलं फूल आलं तवा मालक मला खोलीत हाक मारत आलं, अगं ऐकलं का, बग तरी, अन् हासलं. किती दिसांनी हासलं. मग काय, त्यांनी त्या वेलीच्या प्रत्येक गाठीला मूळ फुटतंय ते हेरलं. एक येल, तिची इतकी पेरं, प्रत्येक पेराला पाय, असं म्हनायचं. तेलाच्या पिशव्या, दुधाच्या पिशव्या, जे घावंल त्यात पेरं लावली, कोपरखैरण्याच्या त्या खोलीत पाय ठेवायला जागा ऱ्हायली न्हाई, मी खाटंवर झोपायची आन जमिनीवर पिवळी. शेजारीन म्हनायची, सुलाबाई, तुमच्यात पाव्हनं आलं तर कुटं बसवनार.

तवा उलव्याला नुसत्या इमारती उठायला लागल्या व्हत्या. विमानतळ येनार, विमानतळ येनार, जो तो बोलायचा. इमारत झाली की पुढं बाग पायजे आन ती लगीच हिरवी दिसाय पायजे, गिऱ्हाईक येऊन बगतंय ना. त्याला पिवळी. आमी उलवे गावाच्या कडंला जरा जागा घेतली भाड्यानं, हिराआयची. हिराआय म्हंजे हितली आगरी म्हातारी, मूळची गाववाली, नव्या शहरात शेती गेली, मिठागर गेलं, घर आन तळ्याच्या बांधालगतचा येवढा तुकडा ऱ्हायला. तिनं आमास्नी जागा दिली ती माझ्या मालकांचं हात बगून, म्हनाली, या मानसाचे हात कामाचे हायेत, टाक तू रोपांचा धंदा हितं. बोलायला लई फटकळ, पर जीव लावनारी. तिथं आमची नर्सरी झाली. मग टेम्पो यायला लागलं. ह्या सोसायटीला पिवळी, त्या टॉवरला पिवळी, रस्त्याच्या मधल्या पट्टीला पिवळी. आमी दोघं रिक्षानं कुटं निघालो की मालक भायेर बोट दावायचं, ही आपली, ती बी आपली, त्यो उतार दिसतोय का, आपला. रिक्षावाला म्हनायचा, आप्पा, अख्खी नवी मुंबई तुमचीच दिसतीय. पिवळीवाले आप्पा, असंच नाव पडलं. मार्केटात थप्पीचा जो मान व्हता त्यो परत आला बगा, आन मी ऊर भरून बगायची, खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटायचं.

तर असं चाललं व्हतं आन एका भादव्यात हिराआय आली, गवर आनायला चाल म्हनाली. तिच्यात बी आमच्यासारखीच तेरड्याची गवर. ती लगीन हून आली तवापास्नं गवर त्या तळ्याच्या बांधावरनंच आनायची, तिच्या आधी तिची सासू आनायची. त्या वर्षी तिचं गुडघं दुखायला लागल्यालं म्हनून मला संगं घेतलं. मला लई आनंद, म्हनलं लगीन झाल्यापास्नं गवर आनायला गेलेच न्हाई, हितं मार्केटात इकत घ्यायची जुडी. आमी दोघी गेलो, ती ताम्हन घिऊन, मी तांब्या घिऊन. आन बांधावर जाऊन बगतो तर काय. तेरडा न्हाईच. एक काडी न्हाई. ह्या टोकापास्नं त्या टोकापत्तूर पिवळी. पान्याला टेकली व्हती, वर रस्त्याला टेकली व्हती. झालं काय व्हतं, सोसायट्यांच्या बागा छाटत्यात आन छाटलेलं टेम्पोत भरून त्या बांधाच्या पलीकडं वतत्यात, हिरवा कचरा हाय, कुजंल आपला, असं म्हनून. ती कुजती व्हय? प्रत्येक पेराला पाय.

हिराआय हुबीच ऱ्हायली. गवर आनताना बोलायचं नसतंय, तरी ती बोलली. सगला तेरडा कुठं गेला गो, म्हनली, माजी गवर कुठं हाय? मग माझ्याकडं बगितलं. रागानं न्हाई, रागानं बगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हनली, सुले, ही तर आप्पाची फुला ना गो? रिकामं ताम्हन घिऊन म्हातारी माघारी आली. तिच्या लेकीनं सासरहून, जासईवरनं तेरडा धाडला तवा गवर बसली, ते बी संध्याकाळ टळून गेल्यावर. दारात सुनंनं इचारलं कोन आलं, तर हिराआय म्हनली, पाव्हनी आयली. गवर न्हाई म्हनली, पाव्हनी. ते माझ्या काळजाला जे लागलं ते आजून हाय.

मालकास्नी सांगितलं तर चिडलं. येल हाय ती, मानूस न्हाई, कुनी टाकली त्याला जाऊन इचार, मी काय बांधावर लावाय गेल्तो? पर जेवलं न्हाईत. सकाळी उठून कोयता घेतला आन बांधावर गेलं. पाठीला पट्टा बांधून. मी म्हनलं वाकू नका, तर म्हनाले वाकत न्हाई, बसून तोडतो. आन माथाडी मानूस तोडनार म्हंजे काय, चार दिस नुसती कापाकापी, येवढं मोठं रान सपाट, तुकडं तुकडं करून तिथंच पसरली. हिराआयला बलवून दाविलं, म्हनाले, आई, घ्या तुमचा बांध मोकळा करून दिला. ती बी खूश, चहा पाजला तिनं. पाऊस व्हताच आजून. पंधरवड्यानं बगतोय तर आधी एक व्हती तिथं धा. जेवढं तुकडं केल्तं तेवढ्या येली. मालक बांधावर खाली बसलं आन एक तुकडा हातात घेतला, त्याला पांढरी मुळं फुटल्याली, बारकी, दुधाच्या दातासारखी. तेच मूळ त्यांनी मला पहिल्या दिवशी रंगाच्या डब्यात दाविलं व्हतं कौतुकानं. त्यांनी ते बगितलं आन मला म्हनाले, सुले, मलाच ठावं व्हतं गं हे, आन मीच कोयता चालवला. आन हासाय लागलं, पर त्या हासन्यात काय दम नव्हता.

मी तिथंच बोलले. म्हनलं, अवं, हितली तर काढायचीच, मुळासकट, हातानं. पर नर्सरीत हाय तवर ही परत येनार. आपन देतो, ते लावत्यात, ते छाटत्यात, हितं वतत्यात. नर्सरीतनं बी काढायची, सगळी. त्यांनी वर बगितलं न्हाई. म्हनाले, आन मग माझ्याकडं ऱ्हातं काय? एवढंच. पर मला त्यो खिडकीतला मानूस दिसला. तुमास्नी सांगते ताई, धंद्याचं टेन्शन मला नव्हतं, धंदा काय, मी परत खुरपं धरलं असतं. मला भ्या ह्याचं, की आता हे हात परत खुंटीला जात्यात का काय. आन त्यात तवाच एका नव्या टॉवरची मोठी ऑर्डर आल्ती, सगळी मधली बाग पिवळीनं भरायची, आमच्या जल्मात येवढं मोठं काम कंदी आलं नव्हतं, ट्रे तयार व्हते, ओळीनं मांडल्यालं. मालक रोज त्या ट्रेंच्या मधनं फिरायचं. मी परत इषय काढला न्हाई. एकदा सांगितलं, झालं. मारून मुटकून काढायला लावलं असतं तर ते काम माझं झालं असतं, त्यांचं न्हाई.

दसऱ्याच्या आधी हिराआय म्हनली, जासईला लेकीकडं जातंय, तुमी दोघं बी चला, तेरडा आता बी धरतो. गेलो. जासईला काय, जिकडं बगंल तिकडं कंटेनर, एकावर एक, निळं, तांबडं. मालक बगतच ऱ्हायलं, म्हनाले, थप्पी बग कशी लावल्या. त्या कंटेनर यार्डाच्या कुंपनामागं जरा खडकाळ माळ उरलाय, तिथं तेरडा वाळत आल्ता, फुलं सरल्याली, शेंगा धरल्याल्या. तेरड्याच्या शेंगंचं तुमास्नी ठावं हाय का? पिकली की नुसता हात लागायचा उशीर, फाटदिशी फुटती, आन बी लांब उडतं, शेंग अशी आळीसारखी मुरडून हातात ऱ्हाती. पोरांचा खेळ त्यो. मालक गेलं आन गोणीला हात घालावा तसा हात घातला. फाट, फाट, फाट. सगळं बी गवतात. परत घातला, परत तेच. हिराआय पोट धरून हासाय लागली, म्हनली, आप्पा, कांदे नाय रं ते! मी बी हासले. वाटलं आता हे रागवून निघून जात्यात. पर न्हाई. मांडी घालून बसलं. आन मला म्हनाले, तू लहानपनी कसं धरायचीस? मी दाविलं, मूठ आधी मिटायची, शेंग आत घिऊन, मग आतल्या आत अंगठ्यानं दाबायची, म्हंजे फुटली तरी बी मुठीत. त्यो येवढा दांडगा तळवा, त्यात येवढीशी शेंग, आन डोळं असं बारीक करून दम धरून बसल्यालं. फुटली. मूठ उघडली. बी सगळं आत. माझ्याकडं बगितलं आन म्हनाले, अगं, गुदगुल्या व्हत्यात.

त्या दिवशी उन्हं कलंस्तोवर त्यो मानूस तिथनं उठला न्हाई. रुमाल भरला बियानं. येताना टेम्पोत तो रुमाल मांडीवर, दोनी हातांनी धरल्याला, खड्डा आला की रुमाल वर उचलायचं. आन उलव्याच्या फाट्यावर उतरता उतरता, काय मी इचारलं न्हाई, काय न्हाई, आपनहून बोलले, त्या टॉवरवाल्याला न्हाई म्हनून सांगायचं.

सांगितलं. त्यो मानूस आल्ता त्यांचा बागंचं बगनारा, ट्रे समोर दिसत व्हतं त्याला, म्हनला, आप्पा, माल तर हाय की. मालक म्हनाले, हाय, पर द्यायचा न्हाई, आन त्याला हाताला धरून बांधावर नेलं, सगळं दाविलं. त्यो बिचारा चांगला व्हता, ऐकून घेतलं, पर म्हनला, मला वरनं सांगितलंय, मी दुसरीकडनं घेतो. घेतली असंल. ते बी खरंच हाय. मग आमी ट्रे उलटं केलं. उपटायची, मुळं झाडायची, आन पत्र्याच्या छपरावर पसरायची, कुरडया घालतो तशी, कडकडीत वाळून चुरा हुईस्तोवर. खाली मातीला टेकू द्यायची न्हाई, एक पेर बी न्हाई. नर्सरी अशी उघडीबोडकी दिसाय लागली, गिऱ्हाईक येऊन म्हनायचं, बंद केली का काय. मला धीर द्यायला मालकच म्हनायचं, गाळा रिकामा झाल्याबिगर नवा माल येत न्हाई. मग वाळा लावला, त्याची मुळं बांध धरून ठेवत्यात. ब्राह्मी लावली, ती बी चटईसारखी पसरती पर आपल्या पायरीनं ऱ्हाती. कोरांटी, अबोली, निर्गुडी. हे आमच्या माहेरचं सगळं, मला ठावं व्हतं, पर ते कुनी इकत घेईल असं कंदी मनात आलं नव्हतं.

पहिलं घेतलं एका सोसायटीच्या सेक्रेटरी साहेबांनी. चिपळूनकडचं हायत. ते म्हनाले, पेपरात येतंय हल्ली, भायेरची झाडं लावू नका म्हनून, मी वाचतो पर लावायचं काय ते कुनी सांगत न्हाई, तुमी सांगा. मालकांनी तेरडा सांगितला. साहेब हासलं, अहो आप्पा, तेरडा आमच्या गावाला कौलावर उगवतो, त्यो गेटपाशी लावू? आन दिवाळीनंतर सगळं वाळून जातंय, मग तिथं काय दिसनार? मालक म्हनाले, रिकामी जमीन दिसंल, साहेब, जमिनीला बी सुट्टी पायजे का नको, मी माथाडी, मला इचारा. साहेब म्हनाले, बरं, गेटपासली पट्टी घ्या, पर मीटिंगमधी शिव्या खायला माझ्यासंगं तुमी यायचं. गेले ताई, खुर्चीवर बसून आले सोसायटीच्या मीटिंगला. शिव्या बी खाल्ल्या असतील थोड्या, मला सांगितलं न्हाई. पर त्या पट्टीला पावसात तेरडा फुलला तवा त्याच सोसायटीतल्या बाया खाली उतरून फोटो काढत व्हत्या, एकजन म्हनली, अय्या, ह्याची तर आमच्या आजीकडं गौर असायची.

बांध मात्र लगीच हासला न्हाई. पिवळी उपटून उपटून बोटांची कातडी गेली. गावातली पोरंसोरं, हिराआयची सून, मी, सेक्रेटरी साहेब बी एक रविवारी आले, सगळ्यांनी केलं, पर रोज सकाळी जानारा मानूस एकच. पाठीला पट्टा, पोत्यावर बसायचं आन सरकत सरकत जायचं. मिरगाच्या आधी बी फेकलं. पहिल्या वर्षी आला तेरडा, पर इरळ, हितं चार, तिथं चार. मी म्हनलं हिराआयला, ह्या वर्षी गवर आनू. ती म्हनली, नको गो, राहू दे, बी पडू दे, मी थांबतंय. तिचं वय बगा आन बोलनं बगा. जासईचाच तेरडा आनला त्या वर्षी बी. मी मनातल्या मनात म्हनलं, देवा, हिला तेवढं आयुष्य दे.

दिलं देवानं. ह्या साली बांध गुलाबी झाला. माझ्या माहेरच्या उतारावानी, तसाच, मी खोटं सांगत न्हाई. गवरीच्या दिवशी आमी बाया निघालो, हिराआय काठी टेकत पुढं, सोसायटीतल्या बी आल्या दोघी-तिघी नऊवारी नेसून. मालक आपलं नेहमीच्या पोत्यावर बसल्यालं, बाया आल्या बगून उठून बाजूला झालं, गवर आनताना पुरुषमानसाचं काम न्हाई. तर हिराआय त्यांच्यापुढं जाऊन हुबी ऱ्हायली. म्हनली, आप्पा, तू काड. ते म्हनाले, मी न्हाई आई, बायांचं हाय ते. तर म्हनली, अरे, गवर माहेरी येते ना? मग लेकीला आनाया जातो कोन, बाप ना? हितं हिला तू वाढवलीस. ही तुजी पोर हाय. बापाचे हातानं काड.

ताई, आमास्नी लेक न्हाई. एक पोरगाच, तो पुन्याला कंपनीत. मालकांनी कंदी बोलून दाविलं न्हाई, मी बी न्हाई. ते खाली बसलं. तोच हात, आकडा मारनारा, कपाचं कान मोडनारा. बोटांनी आधी माती मोकळी केली झाडाच्या भवतीनं, हळू, मग बुडाला धरून अलगद वर घेतलं. एक मूळ तुटलं न्हाई. मातीसकट हिराआयच्या ताम्हनात ठेवलं आन नुसतं म्हनाले, सांभाळा. येवढंच म्हनाले आन तोंड फिरवलं. आमी मुकाट्यानं चाललो, बोलायचं नसतंय, पर माझ्या डोळ्यातनं पानी गळत व्हतं आन सगळ्या बायांच्या बी. दारात सुनंनं इचारलं, कोन आलं. हिराआयनं ताम्हन असं वर धरलं आन सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हनली, माजी गवर आयली!

आता काय, बरं चाललंय. पिवळी संपली न्हाई, ती काय इतक्यात संपनार न्हाई, रोज सकाळी कुटंतरी एक पेर घावतंच, मालक रोज काढत्यात. नर्सरीच्या दारात ती पाटी वाचलासा का? पिवळी वेल इथं मिळणार नाही, घरी असल्यास मुळासकट आणून द्या, बदल्यात ब्राह्मीचं रोप घेऊन जा. ती त्यांनी सोता रंगवलीया, त्याच जुन्या रंगाच्या डब्यात ब्रश बुडवून. लोकं आनत्यात पिशव्या भरून. आन नाव बदललं न्हाई लोकांनी, आजून पिवळीवाले आप्पाच म्हनत्यात, फकस्त आता पिवळी काढनारे म्हनून. मला इचाराल तर हे नाव मला जास्त आवडतं. तुमी निघालासा? थांबा, हात पुढं करा. ही घ्या शेंग, आजून हिरवी हाय जरा, मूठ मिटा आधी, हां, आता दाबा. आलं का बी? जावा घिऊन, कुटं बी टाका, दारात टाका, खिडकीत टाका. तुमच्या घरी लेक असू दे, नसू दे, भादव्यात एक येईल बगा.